अकरा जणांची एक कावीळ

निरंककाकांना कावीळ झाली ती एका मंगळवारी, दुपारच्या चहानंतर, आणि झाल्याचं त्यांना फोनवरून कळलं.

"नमस्कार, उपनगर आरोग्य केंद्रातून सिस्टर बोलतेय. काविळीचे पेशंट तुम्हीच ना?"

काका शहर आरोग्य कार्यालयातल्या आपल्या खुर्चीत बसून खारे दाणे खात होते. "कोण पेशंट?"

"टाकी रस्ता, डावी बाजू. जन्मतारीख एक जानेवारी." तिने सालही सांगितलं. "आणि मोबाइल हाच."

काकांचा दाणा तोंडाशीच थांबला. रस्ता त्यांचा, तारीख त्यांची, साल त्यांचं, मोबाइल तर कानालाच लावलेला. फक्त कावीळ तेवढी ओळखीची वाटेना. त्यांनी समोरच्या कपाटाच्या काचेत डोळे ताणून पाहिले. पांढरे होते.

आणि मग त्यांना सगळं आठवलं, आणि दाणा परत पुडीत गेला.

झालं होतं असं. काकांचं काम म्हणजे शहरातल्या दवाखान्यांतून येणाऱ्या आजारांच्या चिठ्ठ्या नोंदवणं. एकतीस वर्षं हे काम कागदावर चाललं. दर शनिवारी अहवाल जायचा, आणि ज्या रकान्यात काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. काकांचं अक्षर मोत्यासारखं, आणि सगळ्यात सुरेख शब्द निरंक. तो लिहिताना ते असे रंगून जायचे की कधीकधी थोडंफार काही असलं तरी निरंकच लिहून जायचे. नाव तेव्हापासून चिकटलं. पगारपत्रकात दुसरं काहीतरी होतं म्हणे, पण ते पगारपत्रक करणाऱ्यालाच ठाऊक.

आठ महिन्यांपूर्वी पोर्टल आलं. कल्पना देवाला आवडावी अशी होती. आसपासच्या सगळ्या आरोग्य कार्यालयांनी आपापले आजार एका ठिकाणी टाकायचे आणि एकमेकांचे पाहायचे. कारण टाकी रस्त्याचंच घ्या. डाव्या हाताची घरं शहर कार्यालयाची, उजव्या हाताची उपनगर केंद्राची. आजार मात्र रस्ता ओलांडताना हद्द कुठली ते विचारत नाही. एका कार्यालयाच्या हद्दीत एका रस्त्यावर एकाच आजाराचे पाच पेशंट झाले की पोर्टलवर लाल घंटा वाजणार, आणि घंटा वाजली की पाणीवाले, गटारवाले, सगळे पळत सुटणार. पेशंटचं नाव बाहेर फुटू नये म्हणून नाव पोर्टलवर जायचंच नाही. जायची ती जन्मतारीख, रस्ता आणि मोबाइल.

इथेच घोडं अडलं. दवाखान्यांच्या चिठ्ठीवर मोबाइल नसे, आणि वयाच्या रकान्यात डॉक्टर लोक 'प्रौढ' एवढंच खरडत. पोर्टलला प्रौढ चालेना. रकाना मोकळा ठेवला तर ते फॉर्म परत तोंडावर फेकी. काकांनी दहा शून्यं टाकून पाहिली. चालेना. एकपासून ओळीने आकडे टाकून पाहिले. चालेना. शेवटी वैतागून त्यांनी स्वतःचा मोबाइल टाकला, आणि जन्मतारीखही बोटांना पाठ असलेली स्वतःचीच टाकली. पोर्टल लगेच हिरवं झालं. काकांनी त्या दिवशी उदबत्ती लावली.

तेव्हापासून शहरातला प्रत्येक प्रौढ रुग्ण, मग तो सुतार असो की बाळंतीण, एक जानेवारीला जन्मलेला आणि काकांच्या फोनवर भेटणारा होता. दिवसाला सत्तर चिठ्ठ्या. हात चालत, डोकं घरी असे. काय नोंदवलं ते काकांना संध्याकाळी सुळावर चढवून विचारलं तरी सांगता आलं नसतं.

आणि गंमत बघा. आठ महिन्यांत शहराच्या हद्दीतले आजार निम्म्याहून खाली आले. मोठ्या कार्यालयाने ढाल दिली. कार्यालयप्रमुख डॉक्टरबाईंनी ती घेताना 'सांघिक प्रयत्न' या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. ढाल त्यांच्या टेबलावर होती, आणि रोज शिपाई तिला पुसत असे. आजार कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही. चांगल्या बातमीचा पत्ता कोण विचारतो!

तर आता काकांना फोनवर खरं सांगता आलं असतं. पण निवृत्तीला सात आठवडे राहिले होते. बत्तीस वर्षांच्या निर्दोष सेवेचं प्रमाणपत्र मिळणार होतं, काचेच्या चौकटीत. घरी बैठकीच्या भिंतीवर काकांनी त्यासाठी खिळा ठोकूनही ठेवला होता, आणि काकूंशी त्यावरून दोन दिवस वाजलंही होतं.

"हो," काका म्हणाले. "मीच तो पेशंट."

खोटं बोलणाऱ्याला देव लगेच शिक्षा करत नाही. तो फक्त पुढचा प्रश्न विचारतो.

"लघवीचा रंग कसा आहे?" सिस्टरने विचारलं.

"आहे. रंग आहे."

"पिवळा?"

"मध्यंतरी होता."

"भूक लागते?"

"चांगली ला... नाही. अजिबात नाही."

"मळमळ?"

"ती आत्ताच सुरू झाली," काका म्हणाले, आणि एवढं एक मात्र त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

"बाहेरचं पाणी कुठे प्यायलात? नीट आठवून सांगा, त्यावर सगळं आहे."

काका रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी काहीतरी पीत. तेच तोंडात आलं. "सरबत. बसथांब्यासमोरची गाडी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका बसथांब्यावर गेले तेव्हा गाडीवर लाल अक्षरांचा कागद चिकटवलेला आणि सरबतवाला पालथ्या बादलीवर बसलेला.

"काका, तुम्ही आरोग्यातले. देवासारखे भेटलात," तो म्हणाला. "कुठल्या तरी नतद्रष्टाने माझं नाव घेतलंय. सकाळीच माणसं आली, बर्फ नाल्यात ओतला, बरण्या उचलून नेल्या. तुमच्या हापिसात विचारा ना कोण तो. सापडला तर मला फक्त दाखवा. मी काही करणार नाही. नुसता बघेन त्याच्याकडे."

"विचारतो," काका म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता घरी गेले.

घरी वेगळाच प्रसंग. सूनबाईला आठवा महिना संपत आलेला. मुलगा कामानिमित्त परगावी. तिने कुठूनतरी ऐकलं होतं की समोरच्या बाजूला कावीळ निघालीय, म्हणून ती भलं मोठं पातेलं शेगडीवर ठेवून पाणी उकळत होती. अवघडलेल्या अंगाने ते उतरवताना धाप लागत होती.

"बाबा, रोज उकळूनच प्यायचं का आता?"

काका हसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे खास आतली बातमी होती. "अगं, समोरचं समोर. आपल्या सबंध बाजूला काविळीचा एकच पेशंट आहे, आणि तो ठणठणीत आहे. मला नाही तर कुणाला माहीत असणार! ठेव ते पातेलं. उकळलेल्या पाण्याला ना चव ना ढव."

"अहो, पण उकळलं तर काय बिघडतं?" काकू म्हणाल्या.

"बिघडत काही नाही. पण बत्तीस वर्षं या खात्यात मी काय गवत उपटलं का?"

काकूंना उत्तर माहीत होतं, पण सून समोर होती. पातेलं फळीवर गेलं.

सिस्टरचा फोन रोज येई, अडीच वाजता. काकांनी उशीला पाठ लावल्यासारखा आवाज कमावला होता. कार्यालयात कुणी ऐकू नये म्हणून ते फायलींच्या खोलीत जाऊन आजारी पडत. शुक्रवारी मात्र तिचा सूर बदलला.

"काका, तुमच्या तब्येतीने मला कोड्यात टाकलंय. माझ्या बाजूला चार पेशंट आहेत. चौघेही अंथरुणाला खिळलेत. तुमच्या बाजूला तुम्ही एकटे, आणि तुम्ही काल मला म्हणालात की वजन वाढलंय. मला खात्री आहे पाइप फुटलाय. पण पाणीवाले म्हणतात, लाल घंटा दाखवा, मग खणू. माझ्याकडे चार, तुमच्याकडे एक. घंटा वाजतेय कशाला! उद्या सकाळी येते, रक्त घेऊन जाते. पत्ता द्या."

"कशाला एवढा त्रास..."

"रस्ता ओलांडायचाय, समुद्र नाही. घर नंबर?"

शनिवारी सकाळी नऊला ती आली. ठेंगणी, खांद्याला पिशवी, पायात पुरुषी बूट. काका तेव्हा चौथं भजं तोंडात घालत होते. सिस्टरने आधी भज्यांकडे पाहिलं, मग काकांच्या गालांकडे, मग डोळ्यांची खालची पापणी ओढून आत पाहिलं.

"असा पेशंट मी आयुष्यात पाहिला नाही," ती म्हणाली. "तळलेलं पचतं वाटतं?"

"कोण पेशंट?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

तेवढ्यात सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. सिस्टरने ग्लास हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. तिने सूनबाईच्या पोटाकडे पाहिलं.

"कितवा?"

"आठवा संपेल आता."

"पाणी उकळून पिताय ना?"

सूनबाईने सासऱ्यांकडे पाहिलं. "पीत होते. बाबा म्हणाले गरज नाही. म्हणाले, एकच पेशंट आहे आणि तोही ठणठणीत."

सिस्टरने ग्लास टेबलावर ठेवला. आवाज खाली आणला, आणि तो खाली आल्यावरच काका घाबरले.

"बसा ताई. काका, ऐका. ही कावीळ तुम्हाला-मला झाली तर दोन-तीन आठवडे पडून राहू आणि उठू. शेवटच्या महिन्यांतल्या बाईला झाली तर बाईचं काय आणि बाळाचं काय, सांगता येत नाही. मी पाहिलंय. मला पुन्हा पाहायचं नाहीये. आता खरं बोला. तुम्हाला कावीळ आहे का?"

काकांनी खिळ्याकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"नाही. झालीच नव्हती."

"मग नोंद कुणाची आहे?"

"नोंद मीच केलीय, पण कुणाची ते बघितलंच नाही मी," काका म्हणाले. आणि हे बोलताना त्यांच्याच लक्षात आलं की गेले पाच दिवस, त्या नोंदीमागे कुणीतरी खरंच आजारी माणूस असेल, हा विचार त्यांच्या डोक्याच्या उंबऱ्यालासुद्धा शिवला नव्हता. स्वतःला वाचवण्याची घाईच तेवढी होती.

काकूंनी फळीवरून पातेलं काढलं आणि शेगडीवर असं आदळलं की बशीतली उरलेली भजी उडाली.

शनिवारी कार्यालय अर्धा दिवस उघडं असे. काका आणि सिस्टर पोहोचले तेव्हा डॉक्टरबाई पर्स आवरत होत्या. काकांनी पोर्टल उघडलं. काविळीची ती एकुलती एक नोंद. पहिल्यांदाच त्यांनी तिच्यावर टिचकी मारली. खाली बारीक अक्षरांत ओळ होती: 'या रुग्णाच्या पुनरावृत्त नोंदी एकत्र केल्या आहेत. एकूण ११.'

सिस्टरने तोंडावर हात ठेवला.

बिचाऱ्या पोर्टलचाही दोष नव्हता. एकच तारीख, एकच मोबाइल, एकच रस्ता, एकच आजार. त्याने समजूतदारपणे ठरवलं की हा एकच माणूस अकरा दवाखाने फिरतोय. आठ महिने असंच चाललं होतं. ताप घ्या, जुलाब घ्या, पोर्टल सगळ्यांची मोट बांधून त्यातून एक काका काढत होतं. आजार गेले कुठे म्हणाल तर हे असे, एकमेकांत विरघळून. आणि टेबलावर ढाल चमकत होती.

काकांनी तारेला खोचलेल्या चिठ्ठ्या उतरवल्या. एकेक वाचली. नोंदवताना डोळ्यांखालून गेलेल्या, पण वाचल्या आत्ताच. कोपऱ्यावरचा सुतार. इस्त्रीवाला आणि त्याची बायको. शाळेतली शिपाईबाई. काकांच्या घरापासून तिसऱ्या दारातले म्हातारे मास्तर, जे दोन आठवडे ओट्यावर दिसले नव्हते आणि ज्यांच्याबद्दल काका काकूंना म्हणाले होते की म्हातारा भारी चढेल झालाय, बोलतच नाही.

वर देवाच्या दप्तरात माणसागणिक पान वेगळं असतं, अशी आपली श्रद्धा. तिथे दोन माणसं एका ओळीत बसवता येत नाहीत, मग कारकून कितीही थकलेला असो. काकांना त्या क्षणी असं काही सुचलं की नाही ठाऊक नाही. त्यांनी चिठ्ठ्या एकीवर एक न ठेवता टेबलावर सुट्या सुट्या मांडल्या, एवढं सिस्टरने पाहिलं.

"वेगळ्या करा," ती म्हणाली.

'नोंदी वेगळ्या करा' असं बटण होतं. ते दाबल्यावर खिडकी उघडली: कारण, जबाबदार कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव, कार्यालयप्रमुखांची मान्यता.

डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढली, सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदा ढालीकडे पाहिलं. "म्हणजे गेल्या आठ महिन्यांचे आकडे... अहो, ही परत मागतील. सोमवारी शांतपणे बसू, वरिष्ठांशी बोलू, काहीतरी शब्दरचना..."

"बाई," काका म्हणाले. बत्तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही साहेबाचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. "सोमवारपर्यंत त्या पाइपातून पाणी येत राहील. माझी सून ते प्यायलीय. मी पाजलंय. ढालीचं मी बघतो, माझ्या डोक्यात घाला. मान्यता द्या."

डॉक्टरबाईंनी पर्स खाली ठेवली आणि पासवर्ड टाकला. दोनदा चुकला, कारण तो नेहमी काकाच टाकत.

'कारण' या रकान्यात काकांनी लिहिलं, 'चुकीची माहिती जाणूनबुजून भरली.' पुढे स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. कार्यालयातल्या बऱ्याच जणांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण पोर्टल ते पोर्टलच. वेगळी होणारी प्रत्येक नोंद त्याने खरा मोबाइल आणि खरी तारीख असल्याशिवाय घेणार नाही म्हणून सांगितलं. तेव्हा चिठ्ठ्या घेऊन काका आणि सिस्टर भर उन्हात टाकी रस्त्यावर दार वाजवत निघाले. डॉक्टरबाई संगणकापाशी बसल्या. एकतीस वर्षं आठ महिने काकांनी हे आजार खुर्चीतून पाहिले होते. आता पहिल्यांदा त्यांचे पिवळे डोळे पाहत होते.

"जन्मतारीख?" त्यांनी सुताराला विचारलं.

"आईला विचारा. ती वर आहे."

"माडीवर?"

"आणखी वर."

इस्त्रीवाल्याच्या बायकोने नवऱ्याची तारीख सांगितली, नवऱ्याने नाकारली, आणि दोघं काविळीत असूनही चांगली पाच मिनिटं भांडली. शिपाईबाईने शाळेचा दाखलाच काढून दिला. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकांनी तारीख विचारली तेव्हा ते क्षीण आवाजात म्हणाले, "एक जानेवारी."

काका ओशाळले. "मास्तर, खरी सांगा."

"खरी कुणाची असते रे! माझ्या मास्तरांनी टाकली, मी पुढे सगळ्या वर्गाची तीच टाकली. तूही माझ्याच हाताखालचा ना? मग तुझी कुठून आली, असं वाटतं?"

काका पायरीवर बसले. आयुष्यभराची ती तारीखसुद्धा कुणीतरी रकाना भरायचा म्हणून टाकलेली होती. सिस्टर इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मास्तरांचं साल आणि मोबाइल निराळे होते, तेवढ्यावर पोर्टलने त्यांना निराळं मानलं.

पाचवी नोंद फोनवरून सांगितली आणि पलीकडून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "वाजली!" मागे खरोखर घंटा ऐकू येत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा. शिपाई म्हणे आग लागली समजून बाहेर पळाला.

संध्याकाळपर्यंत पाणी बंद झालं. रविवारी दुपारी रस्त्याच्या बरोबर मधोमध, दोन्ही हद्दींना अगदी सारख्या अंतरावर, गटाराला खेटून तडा गेलेला पाइप सापडला. दोन्ही कार्यालयांचे साहेब खड्ड्याच्या आपापल्या काठावर उभे राहून पलीकडच्याची जबाबदारी कशी ते सांगत होते.

सूनबाईचं पहिलं रक्त स्वच्छ आलं. सिस्टर म्हणाली, एवढ्यावर भागत नाही, आजार आत दडून बसतो, काही आठवडे दर आठवड्याला तपासू. ते आठवडे काकांनी कसे काढले ते काकूंना विचारा. पहाटे उठून पाणी उकळत, निववत, गाळत, आणि सुनेच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवून देवापुढे बसत. तोंडाने काही म्हणत नसत. एकदा काकूंनी विचारलं, काय मागता एवढं? "मागत नाही. नीट नोंद करून घे म्हणून सांगतोय, की चूक हिची नाही, माझी आहे," काका म्हणाले.

सरबतवाल्याकडे ते स्वतः गेले आणि सांगितलं. त्याने ठरल्याप्रमाणे नुसतं बघितलं. मग एक सरबत करून पुढे केलं, त्यात साखरेच्या जागी मीठ होतं. काका ते थेंबभरही न ठेवता प्याले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवरचा लाल कागद कार्यालयाच्या शिक्क्यानिशी उतरवून दिला.

निरोप समारंभात प्रमाणपत्र नव्हतं. चौकशीचं पत्र होतं, तेही 'ताकीद देण्यात येते' इथे येऊन संपणारं. ढाल परत गेली. टेबलावर तिच्या जागी धुळीचा गोल उरला आणि शिपायाचं एक काम कमी झालं. घरच्या खिळ्याला काकूंनी गरम पातेलं धरायची सांडशी लटकवली. पाहुणे विचारतात, बैठकीत सांडशी कशी? काकू म्हणतात, यांना सेवेबद्दल मिळाली.

शेवटच्या तपासणीतही सूनबाईचं रक्त स्वच्छ निघालं. पुढच्याच गुरुवारी मुलगी झाली. काका नातीला घेऊन सूनबाईबरोबर लसीच्या नोंदणीला गेले. या रस्त्यासाठी आता दोन्ही कार्यालयांचं टेबल एकच होतं, आणि टेबलामागे तीच सिस्टर.

"जन्मतारीख?"

काकांनी तारीख सांगितली, वार सांगितला, मग खिशातून चिठोरा काढून वेळ वाचली. दहा वाजून सतरा मिनिटं.

"एवढं नको असतं पोर्टलला."

"असू दे. लिही."

"आणि मोबाइल नंबर?" सिस्टरने मान वर केली. "कुणाचा टाकू?"

काकांनी सुनेकडे पाहिलं. ती हसून मानेनेच हो म्हणाली.

"आता मात्र माझाच टाक," ते म्हणाले. "हिच्याबद्दल काहीही विचारायचं असेल तर मीच उचलणार आहे."